न घसरणारी फरशी

मी फरशी बसवतो. पस्तीस वर्षं हाच धंदा. लोक कुणाच्या घरी गेले की पडदे बघतात, कपाटं बघतात, भिंतीवरचे फोटो बघतात. मी खाली बघतो. सांधे वाकडे दिसले तर मला चहा गोड लागत नाही. आमची ही अजून सांगते, "लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हाही खालीच बघत होतात. मला वाटलं, माणूस लाजाळू आहे. तुम्ही फरशी मोजत होतात."

अशा माणसाची बायको एकतीस वर्षांच्या नोकरीत पाच वेळा फरशीवरून घसरून पडली. आता हे माझ्या जिव्हारी लागणार नाही तर काय होईल?

ही हॉस्पिटलच्या अपघात विभागात मोठी सिस्टर आहे. मोठी हुद्द्याने. उंचीचं म्हणाल तर कपाटाच्या वरच्या फळीतलं बँडेज काढायला तिला स्टूल लागतं. पण आवाज असा, की तिने "स्ट्रेचर!" म्हटलं की बाहेर बसलेले धडधाकट लोकही उठून उभे राहतात. रडणाऱ्या मुलाला ती विचारते, "तुझा कुठला हात जास्त शूर आहे रे, डावा की उजवा?" मूल विचारात पडतं आणि तेवढ्यात सुई टोचून झालेली असते. घरीही ती सिस्टरच. मला सर्दी झाली तर मलाच विचारते, "पेशंट जेवला का?" कामावरून सिमेंटचे हात घेऊन आलो, तर साबणाने कोपरापर्यंत धुतल्याशिवाय मला माझ्याच घरात खुर्चीवर बसायची परवानगी नाही.

तिच्या विभागात सहा मुली. सगळ्यांना ती येता-जाता झापते आणि त्यांच्यातल्या एकीलाही दुसऱ्या कुणी झापलेलं तिला खपत नाही. तिला एकाच गोष्टीचा अभिमान: "माझ्या विभागातून आजवर एक तक्रार वर गेलेली नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. तिच्या टेबलाच्या खणात एक जाड नोंदवही असते. कामावर कुणाला काही इजा झाली की तारीख, वेळ, नाव आणि कारण त्यात लिहायचं. लिहिते ही स्वतः, मोत्यासारख्या अक्षरात.

पहिल्यांदा घसरली त्याला एकोणीस वर्षं झाली. घरी आली तेव्हा डाव्या भुवईवर चार टाके. "काय झालं?" "पाय घसरला." बस्स. मग काही वर्षांनी मनगट सुजलं. पाय घसरला. मग खांदा. पाय घसरला. दर वेळी माझा पारा चढायचा तो त्या फरशीवर. पहिल्या वेळेस तर मी दुसऱ्याच दिवशी पाण्याची बाटली आणि ढाळ तपासायची पाणसळ घेऊन तिथे हजर झालो. पाणी ओतलं, चाललो, टाच घासून बघितली. जुनी दगडी फरशी, पृष्ठभाग खरखरीत, ढाळ मोरीकडे अगदी बरोबर. त्या फरशीवर घसरायला माणसाला मुद्दाम सराव करावा लागला असता. मी चक्रावलो. पण बायको म्हणते घसरले म्हणजे घसरली. तिच्यावर अविश्वास दाखवायचा तर तो कुठल्या तोंडाने? मी ठरवून टाकलं की जंतुनाशकाने फरशी निसरडी होत असणार.

मग मी अर्ज लिहायला सुरुवात केली. दर वर्षी एक. 'आपल्या अपघात विभागाची फरशी ही स्वतःच एक अपघात आहे' अशी वाक्यं मला सुचायची आणि मी ती दोनदा अधोरेखित करायचो. शिवाय हिच्यासाठी दर वर्षी जाड रबरी तळव्याचे बूट आणायचो. ती गुपचूप घालायची. अर्जांचं मात्र ती म्हणायची, "अहो, कशाला उगाच? राहू द्या ना." मला वाटायचं, हिचा स्वभावच सोसण्याचा. एवढी कडक बाई, पण फरशीपुढे मवाळ!

शेवटी माझ्या अर्जांना यश आलं, म्हणजे मला तरी तसंच वाटलं. हॉस्पिटलात एक नवे सुरक्षा अधिकारी आले. तरुण, हुशार, आकड्यांचे शौकीन. त्यांनी हिची आणि बाकी विभागांचीही नोंदवही मागवली आणि बसून मोजलं: दोन वर्षांत एका खोलीत सतरा जण घसरले. सहा मुली, दोन वॉर्डबॉय, एक डॉक्टर, कुणी दोनदा, कुणी तीनदा. बाकी सगळ्या इमारतीत मिळून एक, तोही जिन्यावरून. साहेबांनी लाल शाईने शेरा मारला आणि न घसरणारी फरशी मंजूर झाली. ठेकेदार ओळखीचा निघाला, आणि काम फिरून फिरून माझ्याच हातात आलं.

नऊ दिवस मी त्या खोलीत होतो. अर्धी खोली चालू, अर्धी बंद. एकीकडे टाके घालणं चालू, दुसरीकडे माझा रबरी हातोडा. आयुष्यात इतकं मन लावून काम केलं नसेल. एकेक फरशी तळहाताने तपासली. मुली कौतुक करायच्या, "काका, किती छान!" म्हणायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. ही तर माझ्याकडे बघतच नव्हती. नवव्या दिवशी मी सगळं काम तिला दाखवलं, तेव्हा म्हणाली, "चांगलं झालंय." आणि आत निघून गेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण कळायला डोकं वर करून माणसांच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं, आणि मी सांधे बघत होतो.

तीन आठवड्यांनी बातमी आली, की नव्या फरशीवर एक सिस्टर घसरली आणि तिचं मनगट मोडलं.

माझी काय अवस्था झाली ते सांगून समजणार नाही. माझ्या फरशीवर? ती मुलगी विभागात सगळ्यांत नवी. अंगाने एवढीशी, चालते ती उड्या मारत, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. मी तडक हॉस्पिटलात गेलो. अनवाणी चाललो, चप्पल घालून चाललो, गुळगुळीत तळव्याचे लग्नातले बूट घालून ओल्यावर चाललो. जाम! पाऊल हलायला तयार नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांनीही हेच पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात सरळ हिशेब बसला: फरशी निर्दोष, म्हणजे दोष मुलीचा. त्यांनी चिमणीला मेमो दिला. 'न घसरणारी फरशी बसवलेली असतानाही आपण घसरलात. याचा अर्थ आपण नियमानुसार पादत्राणे घातली नव्हती. नोकरीत कायम का करावे, याचा खुलासा गुरुवारी समितीपुढे करावा.' मुलीला नोकरीला लागून अजून सहा महिने व्हायचे होते. खुलासा पटला नाही तर घरी.

मी संध्याकाळी जेवताना हिला मोठ्या समाधानाने सांगितलं, "अगदी बरोबर केलं साहेबांनी. फॅशनेबल सँडल घालून आली असेल. आजकालच्या पोरी!"

हिने हातातला घास ताटात ठेवला. "तिने बूटच घातले होते," एवढंच म्हणाली आणि उठली. त्यानंतर दोन दिवस ती घरात बोलली नाही. मला झापलं नाही, हात धुवा म्हणाली नाही. मी मुद्दाम सिमेंटच्या हातांनी खुर्चीवर बसून पाहिलं, तरी नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

गुरुवारी दुपारी अपघात विभागातच समिती भरली. मोठे डॉक्टर, सुरक्षा अधिकारी, कार्यालयातल्या एक बाई. मला ठेकेदाराच्या वतीने बोलावलं होतं. आणि मी, देवा, काय जोमात गेलो होतो! बादली, साबणाचं पाणी, पाणसळ, सगळा संसार घेऊन. माझ्या फरशीची अब्रू वाचवायला. सगळ्यांसमोर मी साबणाचं पाणी ओतलं आणि चाललो. मग पळालो. मग या वयात उडी मारली. पायजमा घोट्यापर्यंत भिजला, पण पाय सरकला नाही. मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, या, घसरून दाखवा!" ते नको म्हणाले.

मग मी चिमणीकडे वळलो. ती भिंतीला टेकून उभी, हात प्लास्टरमध्ये, चेहरा पांढरा. मी विचारलं, "बेटा, नक्की कुठे घसरलीस?"

तिने औषधांच्या कपाटाजवळची जागा दाखवली.

"आणि पडलीस कुठे?"

"कपाटावर. मागे."

"हे कसं शक्य आहे? इथे पाय सरकला तर माणूस जागच्या जागी बसेल. दोन हात मागे कपाटावर आदळायला काय वारा लागला होता?" मला वाटत होतं मी फार हुशार आहे. "खोटं कशाला बोलतेस? खरं काय ते सांग."

पोरगी रडायला लागली. फक्त हिच्याकडे बघत राहिली.

तेव्हा ही पुढे आली. म्हणाली, "ती घसरली नाही. तिला ढकललं. पेशंटच्या भावाने, दोन्ही हातांनी. नोंद मी लिहिली. तिला खोटं मी बोलायला लावलं."

सुरक्षा अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मग, मुळात भला माणूस, पण तोंडातून निघायचं तेच निघालं. चिमणीला म्हणाले, "पण तुम्ही त्याला काय बोललात?"

मी हिला चिडलेलं पुष्कळदा पाहिलंय. बहुतेक वेळा कारण मीच. पण त्या दिवशी जे पाहिलं ते वेगळं होतं. आवाज चढला नाही, उलट खाली आला. म्हणाली, "हेच. साहेब, नेमकं हेच." आणि खणातून नोंदवही काढून टेबलावर उघडली.

"ऐका. ही फेब्रुवारीतली, 'पाय घसरून पडली'. स्टूल फेकून मारलं होतं. ही त्याच्या पुढच्या आठवड्यातली, केस धरून ओढलं. हा वॉर्डबॉय, याला तिघांनी मारलं, कारण लिफ्ट बंद होती. लिफ्ट काय याने बंद केली होती? हे डॉक्टर, यांच्या कानफटात बसली. यांची नोंद करताना मी 'दारावर आपटले' लिहिणार होते, पण हेच म्हणाले, सगळ्यांसारखं घसरलोच लिहा." एकेक पान उलटत गेली. सतराच्या सतरा. वॉर्डबॉयच्या नोंदीला मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला आणि परत घातलाच नाही.

मग ती थांबली. कपाटावरच्या जुन्या वह्यांतली एक तिने स्टूलवर चढून काढली. पानाला खूण होतीच. "आणि ही एकोणीस वर्षांपूर्वीची. ही मी. सलाईनचा स्टँड. एक म्हातारी आत शेवटच्या घटका मोजत होती, आणि तिच्या मुलाला दोन तास कुणी काही सांगितलं नव्हतं. मी बाहेर गेले आणि पहिली सापडले. मी खरं लिहिलं होतं तेव्हा. बघा, खोडलेलं दिसतंय. मला वर बोलावलं आणि विचारलं, तुम्ही त्याला काय बोललात? तीन पानांचा खुलासा लिहून घेतला. टाके ओले होते माझे. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या मुलींवर ही पाळी आणायची नाही. घसरलेल्या माणसाकडे कुणी खुलासा मागत नाही. निदान आजवर मागत नव्हते."

मी ओल्या पायजम्यात, हातात पाणसळ घेऊन उभा होतो. एकोणीस वर्षं मी फरशीशी भांडत होतो. दगडाला शिव्या देत होतो. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. आणि राग आला, त्या स्टँडवाल्याचा, तेव्हा हिला वर बोलावणाऱ्या साहेबांचा, हिचा, आणि सगळ्यांत जास्त माझा. रडणाऱ्या पोरीची उलटतपासणी घेणारा मीच तर होतो. मी चिमणीजवळ जाऊन म्हटलं, "चुकलो बेटा." ती रडता रडता हसली आणि म्हणाली, "काका, उडी छान मारलीत."

चिमणीचा मेमो तिथल्या तिथे फाडला गेला. सुरक्षा अधिकाऱ्यांनी स्वतः फाडला, आणि कान लाल करून म्हणाले, "मला माफ करा. मी आकडे मोजले, पण एकालाही विचारलं नाही." माणूस खरंच भला होता. त्यांनी त्याच दिवशी पोलिसांत नोंद करवली आणि मग हिलाच विचारलं, काय काय करायला हवं? चूक झाली ती इथे. तिला विचारलं की ती थांबत नाही. टेबलामागे दुसरं दार हवं, म्हणजे मुलींना मागच्या मागे निघता येईल. टेबलाखाली घंटा हवी. पेशंटबरोबर दोघांपेक्षा जास्त माणसं आत नकोत. दाराशी रखवालदार हवा, आणि तो जागा हवा. आणि दर अर्ध्या तासाने कुणीतरी बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगायला हवं, की आत काय चाललंय. "काही नवीन नसलं तरी नवीन काही नाही हे सांगायचं," ही म्हणाली. "माणूस कोपऱ्यात दोन तास वाट बघत बसला, की त्याचं डोकं फिरतं. त्याला हात उचलायचा हक्क नाही. पण आपण बोललो असतो तर काही हात उचललेच गेले नसते."

दुसरं दार महिन्याभरात झालं. उंबऱ्याची फरशी मी बसवली. आता चिमणी प्लास्टर काढून परत कामावर आहे, आणि पूर्वीसारखीच उड्या मारत चालते.

पण हिची सुटका झाली नाही. चिमणीची धरून अठरा खोट्या नोंदी म्हणजे अठरा खोट्या नोंदी. तिला त्याच दुपारी मेमो मिळाला, नोकरीतला पहिला. मला वाटलं खचेल. तिने तो विभागात सगळ्यांना वाचून दाखवला आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. खुलासा लिहायला तो कागद घेऊन ती माझ्याबरोबर घरी निघाली.

वाटेत मी फुगून होतो. शेवटी राहवलं नाही. "मला का नाही सांगितलंस गं? मला तरी?"

"तुम्ही काय केलं असतंत?"

"त्याचं डोकं फोडलं असतं!"

"म्हणूनच. मग तुम्हाला पोलीस घेऊन गेले असते, आणि त्याला टाके घालायला मीच."

घरी आलो. मी कोपरापर्यंत हात धुतले, न सांगता. ती टेबलाशी बसून खुलासा लिहायला लागली. मी समोर बसलो. खिडकीतून उजेड तिच्या चेहऱ्यावर येत होता आणि भुवईवरची ती रेघ मला स्पष्ट दिसत होती. एकोणीस वर्षं रोज पाहिलेली. तिच्यावरून मी फरशीला शिव्या दिल्या, अर्ज लिहिले, बूट आणले. आणि एक साधी गोष्ट विचारायची राहूनच गेली होती.

मी म्हटलं, "खूप दुखलं होतं का गं?"

तिचं पेन थांबलं. मग म्हणाली, "हो." आणि मग, लोकांच्या जखमा बघून जिच्या डोळ्याची पापणी लवत नाही ती माझी बायको हुंदके देऊन रडली.

मग तिने डोळे पुसले आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला लागली. ती म्हातारी कोण होती, तो मुलगा कसा दिसत होता, स्टँड कुठून आला, रक्त डोळ्यात गेल्यावर तिला काय वाटलं, आणि त्या दिवशी घरी येताना वाटेत तिने 'पाय घसरला' हे किती वेळा म्हणून पाहिलं. बाहेर अंधार पडला, चहा दोनदा गार झाला, खुलासा तसाच राहिला. मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. आमच्या संसारात असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.